भाकरीचा पंचनामा

नोकरीत हाताळलेली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती घरफोडी कोणत्या ठाण्यातली, कोणत्या तपासात कोणता हवालदार बरोबर होता, हे सांगताना अडखळतो. गोधड्यांचे प्रकरण मात्र कालचे असावे तसे आठवते. ते आठवले की आधी हसू येते, आणि हसून झाले की दुसरेही काहीतरी वर येते. त्या दुसऱ्यासाठी हे लिहितो आहे. नाव कोणाचेच घेत नाही. ज्यांचे आहे त्यांना कळेल.

नव्वद सालाच्या आगेमागे मी धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. माझा जन्म जळगावच्या पोलीस लाइनीतला. वडील जमादार. त्यामुळे खानदेशी बोली कानाला सरावाची होती, पण खेड्यातले घर आतून कधी पाहिले नव्हते. आम्ही भावंडे सरकारी घोंगड्यांत वाढलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची सगळी फजिती त्या घोंगड्यांमुळे झाली.

त्या काळात सरकारचा एक नियम होता. आर्थिकदृष्ट्या मागास ठरवलेल्या तालुक्यांत जे छोटे उद्योग असतील, त्यांचा माल सरकारी खात्यांनी आधी घ्यायचा. दर बाजारापेक्षा थोडा चढा असला तरी चालेल, अनामतीतही सूट. मोठ्या शहरातल्या कारखानदारासमोर डोंगराखालच्या माणसाने दरात टिकायचे कसे, म्हणून हा आधार. नियम चांगला होता. पण आम्हा पोलिसांना चांगल्या नियमांची धास्ती असते. सवलत आली की तिच्या मागोमाग पाट्या येतात. मागास तालुक्यात चार पत्रे उभे करायचे, दारावर ‘लघुउद्योग’ अशी पाटी ठोकायची, आणि माल दुसरीकडून आणून सरकारला द्यायचा. असे प्रकार मी ऐकून होतो.

म्हणून ठाण्यात जेव्हा तो अर्ज आला, तेव्हा मला नवल वाटले नाही. अर्जदार धुळ्याचा बडा ठेकेदार. त्याला सगळे शेठ म्हणत. सरकारी वसतिगृहांना अंथरूण-पांघरूण पुरवण्याचे काम वर्षानुवर्षे त्याच्याकडे होते. आता त्यातला अर्धा वाटा आमच्या हद्दीतल्या एका गावच्या महिलांच्या संस्थेला मिळाला होता. आश्रमशाळांसाठी सुती रजया. बायका त्यांना गोधड्याच म्हणत. शेठचे म्हणणे असे की संस्था नावापुरती आहे, शेडला बारा महिने टाळे असते, रजया इंदूरहून ट्रकने येतात, लेबल बदलले जाते आणि माल आश्रमशाळेत जातो. ट्रक आग्रा रोडवर कुठल्या ढाब्यामागे उभा करायचा, जुने लेबल कसे उसवायचे की कापडावर खूण राहत नाही, चलन कोणत्या नाक्याआधी बदलायचे, सगळे खुलासेवार लिहिलेले. इतका नेमका अर्ज मी क्वचित पाहिला होता. मी खूश झालो. तपासाचे निम्मे काम अर्जदारानेच करून दिले होते.

दुसऱ्या दिवशी जीप काढून गावात गेलो. बरोबर आमचे रायटर हवालदार. ते त्याच भागातले, वयाने माझ्यापेक्षा मोठे, मी त्यांना भाऊ म्हणायचो. गावात शिरलो तर चिटपाखरू नाही. शेड सापडली. पत्र्याची, दारावर पाटी, पाटीखाली टाळे. खिडकीतून पाहिले तर आत कापसाचे गठ्ठे आणि धूळ बसलेली दोन शिलाई मशीन. शेजारी पिठाची गिरणी. दारात गिरणीवाला बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. त्याने कपाळाला हात लावून नमस्कार केला. मी मान हलवली.

मला त्या दुपारी धुळ्याला क्राइम मीटिंगला पोचायचे होते. जीपमध्ये बसूनच पंचनामा सांगायला सुरुवात केली. शेड बंद, टाळे गंजलेले, मशीन वापरात नसलेले. इथपर्यंत सगळे खरे. मग प्रत्येक पंचनाम्यात येते ते वाक्य आले. ते सांगताना पोलिसाला विचार करावा लागत नाही, जीभच सांगते. ‘आजूबाजूस चौकशी केली असता, शेडलगत पिठाची गिरणी चालवणारे इसम यांनी सांगितले की, सदर शेड नेहमी बंद असते व येथे कोणतेही काम चालताना त्यांनी पाहिलेले नाही.’

भाऊंचा पेन थांबला. त्यांनी गिरणीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“साहेब, इचारी लेऊ का?”

“लिहा,” मी म्हणालो. “दिसतंय ते काय वेगळं आहे?”

त्यांनी लिहिले. गिरणीवाला तिथून वीस हातांवर बसला होता. मला फक्त जीपमधून उतरायचे होते.

माझा अहवाल वर गेला. खरेदी करणाऱ्या खात्याने संस्थेची पुढची ऑर्डर थांबवली आणि नोटीस काढली. बनावट ठरल्यास सवलतीच्या यादीतून नाव कायमचे जाणार होते, वर फसवणुकीचा गुन्हा. नोटिशीला माझ्या पंचनाम्याची नक्कल जोडलेली होती. गावात ती नक्कल मोठ्याने वाचली गेली, हे मला फार नंतर कळले.

संस्थेच्या अध्यक्षीण बाईंना सगळे गाव अक्का म्हणे. त्यांचा जबाब घ्यायचा होता. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो हे मला पाठ होते, तरी मी त्यांना ठाण्यात बोलावले, आणि तेही आठवडे बाजाराच्या दिवशी. बाजार-बंदोबस्तामुळे मी ठाण्यात असणार, म्हणजे माझी सोय. त्यांना चार गावांच्या लोकांदेखत ठाण्याची पायरी चढावी लागेल, हा विचारही माझ्या मनात आला नाही.

अक्का आल्या. पण एकट्या नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून संस्थेच्या सगळ्या बायका आल्या, आणि येताना काम घेऊन आल्या. कापूस वेचणीचा दिवस तसाही बुडालाच होता, मग रिकामे का बसायचे? ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली सतरंज्या पडल्या, गोधड्या पसरल्या गेल्या आणि शिवण सुरू झाले. ठाणे अंमलदार धावत आत आला आणि आता काय करायचे म्हणून विचारू लागला. मी म्हटले, बसू द्या. अर्ध्या तासाने बाहेर डोकावलो तर आमचा एक आडदांड शिपाई, ज्याला पाहून पाकीटमार रस्ता बदलत, तो डोळे बारीक करून एका म्हातारीची सुई ओवत होता. त्याच्यामागे आणखी दोन शिपाई आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे. म्हातारी त्याला सांगत होती की चोर धरणे सोपे, दोरा धरणे अवघड.

आत अक्का माझ्यासमोर बसल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, नऊवारी लुगडे, आवाज खणखणीत. मी विचारले, शेड बंद का असते?

“पत्रा तापतो साहेब. आत माणूस बसंल का? तिथं कापूस ठेवतो. गोधडी ओट्यावर शिवतात.”

मशीनवर धूळ का? तर म्हणाल्या, योजनेत मशीन घ्यावेच लागले, नाहीतर कारखाना म्हणत नाहीत. पण गोधडीला हाताचा टाका लागतो. मी गेलो तेव्हा गावात कोणीच का नव्हते? तर वेचणीचे दिवस, सगळ्या वावरात. गोधड्या कधी शिवता? उन्हाळ्यात, वावर मोकळे झाल्यावर. आज एकीच्या ओट्यावर, उद्या दुसरीच्या, ज्या घरी बसायचे त्या घरचा चहा.

उत्तरे सरळ होती. एकही अडखळले नाही. मला थोडे अस्वस्थ वाटू लागले. मग सहज विचारले, “गोधडीत काय काय घालता?”

“कापूस,” त्या म्हणाल्या.

“आणखी?”

“कापूसच.”

आणि नजर खाली गेली. इतका वेळ माझ्या डोळ्यांत पाहून बोलणारी बाई पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली. पोलिसाला एवढे पुरते. खोटे बोलायची सवय नसलेले माणूस खोटे बोलले की शेजारच्या खोलीतही कळते.

मी बाहेर येऊन खांबाला टेकून उभा राहिलो. बायकांची थट्टामस्करी चालली होती. एक जण दुसरीला म्हणत होती की तुझे टाके तुझ्या नवऱ्याच्या चालीसारखे, पिऊन आल्यासारखे. पण माझे लक्ष हातांकडे होते. तीन कोपरे होईपर्यंत सगळ्या मोकळेपणाने शिवत. चौथा कोपरा आला की बाई किंचित वळे, पाठ आमच्याकडे करी, पदर पुढे येई, हात कमरेच्या पिशवीत जाऊन झटकन परत येई आणि कोपरा बंद होई. ही हाताची हालचाल मी बसस्टँडवर शेकडो वेळा पाहिली होती. पाकीटमार अशीच करतो. फरक एवढाच की तो काढतो, आणि या घालत होत्या.

आत गेलो आणि अक्कांना सांगितले की एक गोधडी उसवून पाहणार. त्या उठून उभ्या राहिल्या.

“उसवू नका साहेब. माझ्यावर काय लिहायचं ते लिहा. ती पुरी झालेली शे.”

मला वाटले, सापडले. काय असेल? गांजा? डोंगराकडून खाली येणारा गांजा त्या वर्षी आमची डोकेदुखी होती. वसतिगृहाच्या गोधड्यांतून कोण संशय घेणार? माझ्या डोक्यात मोठ्या बातमीचा मथळासुद्धा तयार झाला.

पण ठाण्यात उसवले तर वकील म्हणणार, पोलिसांनीच घातले. तेव्हा जो माल आधीच पोचला आहे तोच उसवायचा ठरवला. त्या रात्री अर्जाची जोडपत्रे पुन्हा चाळली. एका आश्रमशाळेच्या अधीक्षकांची तक्रार शेठने जोडली होती, मालाचा दर्जा वाईट म्हणून. लिहिले होते की संस्थेच्या रजया उंदीर कुरतडतात, तेही एकाच कोपऱ्यात. शेजारच्याच खाटेवरच्या दुसऱ्या पुरवठादाराच्या रजयांना उंदीर शिवत नाहीत. दुसरा पुरवठादार म्हणजे शेठ. कापूस दोन्हीत, खोली एक. मग उंदरांनी पक्षपात का करावा? गांजा उंदीर खातात की नाही, हे मला माहीत नव्हते. भाऊंना विचारले. ते म्हणाले, उंदरांचे ते सांगू शकणार नाहीत. पण एवढे म्हणताना ते हसू का दाबत होते, हे मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी आश्रमशाळेत गेलो. पंच म्हणून तिथले एक गुरुजी आणि एक किराणा दुकानदार. अक्कांनाही जीपमध्ये घेतले होते. दोन्ही पुरवठादारांच्या गोधड्या अंगणात वेगवेगळ्या रचल्या. पोरापोरींनी भोवती कोंडाळे केले. भाऊंनी संस्थेची पहिली गोधडी उचलली, चौथा कोपरा चाचपला आणि ब्लेडने टाके उसवले.

आतून भाकरीचा तुकडा पडला.

ज्वारीच्या भाकरीचा, वाळून खडखडीत झालेला, रुपयाच्या नाण्याएवढा. मी तो उचलला, वास घेतला, उलटा-सुलटा केला. दुसरी गोधडी उसवली. भाकरी. तिसरी. भाकरी. चौथीत भाकरी नव्हती; तिथे पुरणपोळीचा तुकडा होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

“ती होळीनी शे,” अक्का हळूच म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या.

भाऊंना आता राहवेना. ते हसू लागले, किराणा दुकानदार हसू लागला, आणि मी हातात भाकरी घेऊन मध्ये उभा. शेवटी दुकानदारानेच मला समजावले. त्या भागात गोधडी शिवून होत आली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालून मग टाका बंद करतात. गोधडीला जेवू घातल्याशिवाय घरातून बाहेर काढत नाहीत. पंचक्रोशीतल्या लहान पोरालाही हे माहीत होते. माहीत नव्हते फक्त घोंगडीत वाढलेल्या फौजदाराला.

मी अक्कांना विचारले, मग हे काल का सांगितले नाही? त्यांनी सांगितले ते असे. माल तपासायला आलेल्या साहेबांनी अटी मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. त्यांत होते की आत कापसाखेरीज काही आढळल्यास माल नाकारला जाईल. बायकांनी बैठक घेतली. भाकरी घालायची बंद करायची का? कोणाचेच मन होईना. तेव्हा घालायची, पण कोणाला दिसू द्यायची नाही, असे ठरले.

“भुकी गोधडी कोन्हले ऊब देई, साहेब?” अक्का म्हणाल्या. “अन् ही लेकरं आई-बापापासून लांब ऱ्हातस. यास्ले उपाशी गोधडी कशी देवो?”

म्हणजे ज्या एका गोष्टीने त्यांची सुटका होणार होती, तीच गोष्ट गुन्हा समजून त्या जिवापाड लपवत होत्या. आणि मी ती लपवाछपवी गुन्ह्याचा पुरावा समजत होतो. इंदूरच्या गिरणीत कोण कोपऱ्यात भाकरी घालतो?

तोवर पोरांना धीर आला होता. एक चिमुरडी पुढे येऊन म्हणाली, “माझ्यात बाजरीची आहे.” दुसरी म्हणाली, तिच्यात गूळ आहे, तिने हाताने चाचपून पाहिलेय. पोरांना हे सगळे आधीपासून ठाऊक होते. रात्री दिवा गेल्यावर आपापल्या गोधडीचा कोपरा चाचपायचा, कोणाच्या वाट्याला काय आले यावर पैजा लावायच्या, हा त्यांचा खेळ होता. उंदरांशी त्यांचे रीतसर युद्ध चालू होते. अधीक्षकांनी पोरांना कधी विचारलेच नव्हते. विचारायची सवय माझ्याप्रमाणे त्यांनाही नसावी.

मग शेठच्या गोधड्या उसवल्या. कोपऱ्यात काही नव्हते. मध्ये पाहिले तर कापूसही धड नव्हता; चिंध्या पिंजून भरलेल्या. अक्कांनी ती उघडी पडलेली गोधडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी मी कोणत्याही ठेकेदाराच्या मालाकडे पाहताना कोणाची पाहिली नाही.

“उपाशी शे बिचारी,” त्या म्हणाल्या.

पंचनामा लिहायला बसलो. ‘कोपरा क्रमांक चार उसवून पाहता आत ज्वारीच्या भाकरीचा एक वाळका तुकडा मिळून आला’ हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे लिहून घेतले. भाकरीचे तुकडे कागदात बांधून, लाख लावून, सील करून मुद्देमाल म्हणून जमा केले. मुद्देमाल कारकुनाने हात जोडले. त्याच्या खोलीत उंदीर होते. शेवटी त्याने ती पुडी दोरीने छताच्या कडीला टांगली, आणि पुढे कितीतरी महिने ठाण्यात येणारा प्रत्येक जण वर पाहून विचारी की हे काय. धुळ्याहून वरिष्ठांचा फोन आला. त्यांनी अहवाल वाचला होता. पलीकडून बराच वेळ फक्त खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

आता शेठ. मला त्याचा अर्ज पुन्हा आठवला. ढाबा, लेबल, चलन. एखादी चोरी कशी करतात हे माणूस इतक्या बारकाईने केव्हा सांगू शकतो? सवलतीचा फायदा त्यालाही मिळत होता. नरडाण्याच्या बाजूला त्याने एक शेड घेऊन ‘लघुउद्योग’ दाखवला होता. तिथे गेलो. पाटी होती, टाळे होते, आत गोदाम. हे चित्र मी आधी एकदा पाहिले होते आणि चुकलो होतो. या वेळी जीपमधून उतरलो. समोरच्या चहावाल्याला विचारले, बैलगाडीवाल्याला विचारले, रेल्वे फाटकावरच्या माणसाला विचारले. इथे फक्त ट्रक येतो आणि जातो, शिवणारे माणूस कोणी पाहिले नाही, असे तिघांनी सांगितले. या वेळी ‘आजूबाजूस चौकशी केली असता’ हे शब्द लिहून घेताना भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

शेठ ठाण्यात आला तो ताठ मानेने. सरकार आळशी लोकांना लाडावते आहे, धंदा करणाऱ्याला मारते आहे, असे भाषण केले. मी ऐकून घेतले. मग त्याचाच अर्ज त्याच्यापुढे ठेवला आणि लेबल उसवायची रीत त्याला कोणी शिकवली, एवढे विचारले. त्याने पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर वकील मागितला. आग्रा रोडवरच्या त्या ढाब्यामागे, त्याने स्वतःच लिहून दिलेल्या जागी, आदल्याच रात्री त्याचाच ट्रक सापडला होता. इतका सोपा सापळा मी पुन्हा लावला नाही.

संस्थेची ऑर्डर परत सुरू झाली. आधीचे ते तपासणी करणारे साहेब गावात गेले. बायकांनी त्यांना ओट्यावर बसवून भाकरी, ठेचा, दही वाढले. जेवून त्यांनी ‘माल तपासला, योग्य आढळला’ असा शेरा दिला. अट कागदावर तशीच राहिली, भाकरी कोपऱ्यात तशीच राहिली. धुळ्याच्या पेपरात माझ्या हुशारीबद्दल छापून आले. वरिष्ठांनी शाबासकी दिली. इथवर ही गोष्ट मी कित्येकदा सांगितली आहे. पोलीस क्लबात, लग्नांत, नातवंडांना. दर वेळी लोक पोट धरून हसले.

पुढचे कधी सांगितले नाही.

पुढे माझी बदली जळगावला झाली. निरोपाच्या दिवशी भाऊ म्हणाले, एक गोष्ट सांगायची आहे. त्या गावच्या बायका आता शेडशेजारच्या गिरणीत दळण टाकत नाहीत. डोक्यावर पाटी घेऊन नाल्यापलीकडच्या गावाला जातात. नाना, म्हणजे तो गिरणीवाला, त्याच्याशी कोणी बोलत नाही. त्याच्या घरच्या हळदीला कोणी गेले नाही. पंचनाम्याच्या नकलेत त्याने संस्थेविरुद्ध सांगितल्याचे लिहिले होते ना. तो शपथा घेऊन सांगतो की त्याला कोणी काही विचारलेच नाही. पण सरकारी कागद खोटे कसे बोलेल?

“साहेब, जाता जाता एक शब्द सांगी जा,” भाऊ म्हणाले.

मी गेलो नाही. मनाला कारण दिले की शेठवरचा खटला चालू आहे. मी एका पंचनाम्यात खोटे लिहिले हे बाहेर आले तर त्याचा वकील दुसऱ्याही पंचनाम्यावर बोट ठेवील. कारण खोटे नव्हते. पण खटला संपला, शेठला शिक्षा झाली, कारण उरले नाही, तरी मी गेलो नाही. बढत्या झाल्या, निवृत्त झालो. भाऊ गेले. दर वेळी भाकरीची गोष्ट ऐकून लोक हसले की मला तो पांढरा माणूस दिसे, दारात बसून कपाळाला हात लावणारा.

गेल्या थंडीत शिरपूरला एका लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसऐवजी त्या गावाच्या बसमध्ये बसलो. शेडवर आता नवे पत्रे आहेत. गिरणी चालू होती. नानांचा मुलगा दळत होता आणि नाना दारात त्याच जागी बसले होते. आता पिठाशिवायही पांढरेच. ओट्यावर बायका शिवत होत्या. मध्ये अक्का. हाताने आता शिवत नाहीत, तोंडाने शिवतात. मी कोण ते सांगितल्यावर हसण्याची लाटच उठली. ज्या सुना त्या वेळी गावात आल्याही नव्हत्या, त्यांनाही भाकरीचा फौजदार माहीत होता. इतकी वर्षे त्या गोधडी शिवताना माझीच गोष्ट सांगून हसत होत्या.

मी नानांना ओट्यावर बोलावून आणायला सांगितले. ते आले, लांब बसले. मग मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितले की या माणसाला मी काहीही विचारले नव्हते. मी जीपमधून उतरलोसुद्धा नव्हतो. ते वाक्य माझे होते, त्यांचे नव्हते.

सुया थांबल्या. हसणे थांबले. अक्का नानांकडे वळल्या.

“तू सांगत व्हता,” त्या म्हणाल्या.

“मी सांगतच व्हतो,” नाना म्हणाले. “तुम्ही कागदवर भरोसा ठेवला.”

मला वाटले आता मला काहीतरी ऐकावे लागेल, आणि ते ऐकायलाच आलो होतो. पण अक्का काठी टेकत उठल्या, घरात गेल्या आणि सूपभर बाजरी घेऊन बाहेर आल्या. कोणाच्या हातात दिली नाही. स्वतः अंगण ओलांडून गिरणीच्या दारात गेल्या आणि मुलाला म्हणाल्या की बारीक दळ. मग मागे वळून नानांना म्हणाल्या की तवा इतकी वर्षे मोठाड पिठावर रागावलाय, नाल्यापलीकडचा दळणारा काही कामाचा नाही. पहिल्यांदा नाना हसले. मग एका सुनेने आठवण काढली की त्या उसवलेल्या गोधड्यांतली भाकरी तर नानांच्याच पिठाची होती. म्हणजे ज्या घासाने संस्था वाचली, तो ज्याच्या दारातून आला त्याच्याशीच सगळ्या अबोला धरून होत्या. अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. मग हसण्याचा जो पूर आला तो ओट्यावरून उतरून गल्लीत गेला.

तीस वर्षांहून जास्त खाकी घातली. त्या काळात कायद्याची पुस्तके पाठ केली, पण शिकलो ते एवढेच. सरकार सवलत हातांना देते, पाटीला नाही. म्हणून तपासायचे ते हात. आणि हात पाहायचे तर जीपमधून उतरावे लागते. वीस हात चालायचा कंटाळा केला, तर ते अंतर पार करायला म्हातारपण लागते. कोणी तरुण अधिकारी हे वाचत असेल तर त्याने ‘आजूबाजूस चौकशी केली असता’ लिहिण्याआधी फक्त आजूबाजूस पाहावे. कोणीतरी दारात बसलेले असते.

संध्याकाळी भाकरी झाली. ओट्यावरच्या गोधडीचा चौथा कोपरा उघडा ठेवला होता. अक्का म्हणाल्या, आजचा घास नाना घालतील. नानांनी गरम भाकरीचा तुकडा मोडला, कोपऱ्यात ठेवला, सुनेने टाका घातला. मोडलेल्यातला उरलेला अर्धा तुकडा त्यांच्या हातात राहिला. तो त्यांनी माझ्यापुढे केला.

“ल्या साहेब, खा,” नाना म्हणाले. “तुम्ही बी इतला वरीस उपाशीच व्हतात.”